दोनदा आयव्हीएफ फसले. आता क्लिनिक बदलावे का?

(वाचकांचे प्रश्न आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची उत्तरे)

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे वय ३६ आणि माझ्या पतींचे ३९ आहे. आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली. आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो आणि गेली दोन वर्षे पुण्यातील एका क्लिनिकमध्ये आयव्हीएफचे (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याचे) उपचार घेत आहोत. तेथे माझे दोनदा एग पिकअप (अंडाशयातून बीजे बाहेर काढणे) झाले. पहिल्या वेळी दहा बीजे मिळाली, तीन गर्भ तयार झाले आणि त्यांपैकी दोन तिसऱ्या दिवशी गर्भाशयात सोडले. रिपोर्ट निगेटिव्ह आला. दुसऱ्या वेळी इक्सी (प्रत्येक बीजात एकेक शुक्राणू सोडणे) केले. आठ बीजांपैकी सहा पक्व होती, पाच फलित झाली आणि पाचव्या दिवसाचे दोन गर्भ गोठवून ठेवले. त्यांतील पहिला सोडल्यावर बीटा एचसीजी (गर्भधारणेची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली, परंतु सहाव्या आठवड्यात गर्भपात झाला. दुसरा गर्भ रुजलाच नाही. माझी एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.४ आहे. पतींची वीर्यतपासणी सुरुवातीला एकदा झाली होती व ती नॉर्मल होती. एचएसजीच्या (गर्भाशय व बीजनळ्यांच्या एक्स-रेच्या) रिपोर्टमध्ये डाव्या नळीत पाणी साठल्याचे लिहिले होते. त्याविषयी विचारले तेव्हा आयव्हीएफमध्ये नळीचा संबंध येत नाही, असे सांगण्यात आले. आता डॉक्टर पुन्हा पिकअप करू म्हणतात आणि या वेळी गर्भाशयाच्या अस्तरासाठी पीआरपी (स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेटयुक्त द्राव आत सोडणे) व ईआरए ही चाचणी सुचवतात. माझ्या जाऊबाईंना मुंबईच्या एका क्लिनिकमध्ये पहिल्याच प्रयत्नात यश आले, म्हणून सासूबाई तिकडे जा म्हणतात. पतींना डॉक्टर बदलणे प्रशस्त वाटत नाही. दोन वर्षे त्यांनी आपुलकीने पाहिले, आता पाठ कशी फिरवायची, असे ते म्हणतात. सहा लाखांहून अधिक खर्च झाला असून पतपेढीचे कर्ज अजून फिटलेले नाही. आणखी एक संधी घेण्याची आमची तयारी आहे. पण ती कोठे घ्यावी?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. सहाव्या आठवड्यात झालेल्या गर्भपाताचा उल्लेख तुम्ही एका वाक्यात केला आहे. मात्र त्या वाक्यामागे काय सोसले असेल, याची मला कल्पना आहे. त्या दुःखाला घरात जागा मिळू द्या. निर्णय घेण्याची घाई त्यानंतर करा, कारण निगेटिव्ह रिपोर्ट हातात पडल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत घेतलेले निर्णय बहुधा रागाचे किंवा निराशेचे असतात आणि पैसे मात्र खरेच खर्च होतात.

प्रथम अपयशाच्या संख्येविषयी. ब्रिटनमधील दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या उपचारांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका पिकअपमधून मिळालेले ताजे व गोठवलेले सर्व गर्भ मिळून एक सायकल धरली होती. पहिल्या सायकलनंतर मूल झाल्याचे प्रमाण २९.५ टक्के होते आणि सहा सायकलींपर्यंत हे एकत्रित प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांवर पोहोचले. तिसऱ्या आणि चौथ्या सायकलमध्येही यशाचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर राहिले होते. या हिशेबाने तुमच्या दोन सायकली झाल्या. दोन सायकलींत यश न येणे ही चांगल्यात चांगल्या क्लिनिकमध्येही नित्य घडणारी गोष्ट आहे, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून क्लिनिक वाईट ठरत नाही. जाऊबाईंच्या यशावरून मुंबईचे क्लिनिक चांगले ठरत नाही, तेही याच कारणाने. त्यांचे वय, त्यांची बीजे आणि त्यांची अडचण तुमच्याहून वेगळी होती. सासूबाईंना हे प्रेमाने, पण स्पष्ट सांगावे.

मग ठरवायचे कशावरून? माझ्या मते एकाच गोष्टीवरून : झालेल्या दोन सायकलींमध्ये नेमके कोठे अडले आणि पुढच्या वेळी त्यासाठी काय वेगळे करणार, हे तुमचे सध्याचे डॉक्टर तुमच्या फाइलमधील नोंदी समोर ठेवून सांगू शकतात का? सांगू शकत असतील आणि ते पटण्यासारखे असेल, तर राहावे. ‘नशिबाचा भाग आहे’, ‘पुन्हा प्रयत्न करू’ एवढेच उत्तर मिळत असेल, तर निघावे.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बरेच काही वाचता येते. दुसऱ्या वेळी सहा पक्व बीजांपैकी पाच फलित झाली आणि त्या पाचांपैकी दोन पाचव्या दिवसापर्यंत वाढली. युरोपातील तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये प्रयोगशाळांसाठी काही किमान मर्यादा ठरवून दिल्या : इक्सीत पक्व बीजांपैकी किमान ६५ टक्के फलित व्हावीत, फलित बीजांपैकी किमान ४० टक्के पाचव्या दिवसापर्यंत पोहोचावीत आणि गोठवलेल्या पाचव्या दिवसाच्या गर्भांपैकी किमान ९० टक्के उष्णतेवर आणल्यानंतर जिवंत राहावेत. हे मापदंड पूर्ण प्रयोगशाळेच्या कामासाठी आहेत आणि एका स्त्रीच्या आठ बीजांवरून प्रयोगशाळेला गुण देता येत नाहीत, हे खरे. तरीही तुमची दुसरी सायकल या मर्यादांच्या आत बसते. शिवाय एकदा बीटा पॉझिटिव्ह आली, म्हणजे तुमच्या गर्भाशयात गर्भ रुजू शकतो. सुरुवातीच्या आठवड्यांतील निम्म्याहून अधिक गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांमधील दोषामुळे होतात आणि पस्तिशीनंतर हे दोष वाढत जातात. त्यामुळे तुमच्या बाबतीत दोष प्रयोगशाळेचा आहे, असे मला पत्रावरून दिसत नाही.

पहिल्या सायकलचे चित्र मात्र अपुरे आहे. दहा बीजे मिळाली, पण त्यांतील पक्व किती होती? तीनच गर्भ का झाले? पक्व बीजेच कमी असतील, तर इंजेक्शनांचा डोस किंवा शेवटच्या ट्रिगर (बीजे पक्व करणाऱ्या) इंजेक्शनची वेळ तपासावी लागते. पक्व बीजे भरपूर असून फलन कमी झाले असेल, तर शुक्राणूंकडे पाहावे लागते. या ठिकाणी एक प्रश्न अवश्य विचारा : क्लिनिकमध्ये एम्ब्रियोलॉजिस्ट (प्रयोगशाळेत बीजे व गर्भ हाताळणारे तज्ज्ञ) रोज असतात की महिन्यातील ठरावीक दिवशी बाहेरून येतात? काही ठिकाणी सर्व रुग्णांची एकत्र ‘बॅच’ घेतली जाते आणि पाहुण्या एम्ब्रियोलॉजिस्टच्या सोयीने पिकअपचा दिवस ठरतो. अशा व्यवस्थेत बीजांच्या तयारीपेक्षा कॅलेंडर वरचढ होण्याचा धोका असतो, आणि तुमच्यासारख्या बीजे मोजकी असलेल्या स्त्रीला तो परवडणारा नाही.

आता पत्रातील मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाक्य : डाव्या नळीतील पाणी. याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. नळीचे टोक बंद होऊन तिच्यात द्राव साठतो आणि तो अधूनमधून गर्भाशयात उतरतो. हा द्राव गर्भाला मारक ठरू शकतो. अस्तरावर रुजू पाहणारा गर्भ त्यामुळे टिकत नाही. आयव्हीएफमध्ये गर्भ नळीतून जात नाही, हे खरे असले, तरी नळीतील पाणी गर्भाशयात येते, आणि म्हणून ‘नळीचा संबंध येत नाही’ हे उत्तर बरोबर नाही. सोनोग्राफीत दिसण्याइतक्या फुगलेल्या हायड्रोसाल्पिंक्समुळे आयव्हीएफमधील यश जवळजवळ निम्म्यावर येते आणि गर्भपाताचा धोकाही वाढतो, हे पंचवीसहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. अशी नळी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढून टाकली किंवा गर्भाशयाजवळ बंद केली, तर त्यानंतरच्या आयव्हीएफचे निकाल सुधारतात. वंध्यत्वाच्या उपचारांत एवढा भक्कम पुरावा असलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. आधी हे निदान पक्के करून घ्या, कारण एचएसजीत कधी कधी चुकीचेही दिसते; योनीमार्गातून केलेल्या काळजीपूर्वक सोनोग्राफीत आणि शंका असल्यास लॅपरोस्कोपीत (दुर्बिणीने पोटाच्या आत पाहण्याच्या तपासणीत) ते स्पष्ट होते. आपल्याकडे नळ्या बिघडण्यामागे क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे, तेव्हा त्याची तपासणी झाली आहे की नाही तेही फाइलमध्ये पाहा.

याउलट, तुम्हाला सुचवलेल्या दोन गोष्टींमागचा पुरावा कमकुवत आहे. ईआरए म्हणजे अस्तराचा तुकडा तपासून गर्भ सोडण्याची वेळ ठरवण्याची चाचणी. तिची मोठी तुलनात्मक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, ७६७ स्त्रियांवर. चाचणीनुसार वेळ बदललेल्या गटात ५८.५ टक्के आणि नेहमीच्या वेळेनुसार गर्भ सोडलेल्या गटात ६१.९ टक्के स्त्रियांना मूल झाले, म्हणजे फायदा दिसला नाही. अस्तराला ओरखडा देण्याच्या उपचाराचेही हेच झाले : १,३६४ स्त्रियांच्या २०१९ मधील चाचणीत दोन्ही गटांतील प्रमाण अगदी सारखे, २६.१ टक्के आले. तेव्हा तोही कोणी सुचवला तर नाकारा. पीआरपीचा वापर नेहमी करावा, असे म्हणण्याजोगा पुरावा अद्याप नाही. ज्या नळीवर उपचार केल्याने खरोखर फरक पडतो ती तशीच ठेवून अशा गोष्टींवर पैसे खर्च करणे मला मान्य नाही, आणि कर्ज काढून उपचार घेणाऱ्या जोडप्याच्या बाबतीत तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट राहिली आहे. दोन वर्षांत दोन पिकअप, तीन ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणे) आणि एक गर्भपात तुमच्या शरीराने सोसले. पतींची मात्र एकच तपासणी झाली, तीही सुरुवातीला. वीर्याचा अहवाल काळानुसार बदलतो. ती तपासणी पुन्हा करावी, आणि गर्भपात झालेला असल्याने शुक्राणूंच्या डीएनएची चाचणी व दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. पतींना तंबाखू किंवा गुटख्याची सवय असेल, तर ती आजच सोडावी. नवे शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच ते तीन महिने लागतात, म्हणजे आज सोडलेल्या सवयीचा लाभ पुढच्या सायकलला मिळेल.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. क्लिनिक बदलायचे की नाही हे ठरवण्याआधी फाइल मागा. एवढेच म्हणा : “आम्हाला आमच्या सर्व नोंदींची प्रत हवी आहे, दुसरे मत घ्यायचे आहे.” कारण सांगण्याची गरज नाही, आणि माफी मागण्याची तर नाहीच. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानेही क्लिनिकवर जबाबदाऱ्या टाकल्या आहेत : केलेल्या प्रक्रियेचा तपशील असलेले डिस्चार्ज प्रमाणपत्र देणे, यशाची शक्यता, खर्च आणि धोके आधी समजावून सांगणे, आणि तक्रार ऐकण्यासाठी स्वतंत्र कक्ष ठेवणे. फक्त बिले आणि सोनोग्राफीचे फोटो घेऊन परतू नका. प्रत्येक सायकलमध्ये कोणते इंजेक्शन किती दिवस दिले, ट्रिगर कधी दिले, पिकअपच्या दिवशीची बीजांची नोंद, आणि एम्ब्रियोलॉजीचा तक्ता हे कागद हवेत. त्या तक्त्यात प्रत्येक बीजाची स्वतंत्र ओळ असते : पक्व की अपक्व, दुसऱ्या दिवशी फलित झाले का, तिसऱ्या दिवशी किती पेशी, पाचव्या दिवशी कोणती श्रेणी, आणि शेवटी सोडले, गोठवले की टाकून दिले. नव्या डॉक्टरांना तुमची कहाणी तोंडी सांगण्यापेक्षा हे एक पान अधिक उपयोगी पडते.

त्यानंतर सध्याच्या डॉक्टरांची स्वतंत्र वेळ घ्या, दोघे मिळून जा आणि नळीचा प्रश्न पुन्हा विचारा. ‘बरोबर आहे, आधी त्याचा निकाल लावू’ असे ते म्हणाले आणि पहिल्या सायकलविषयी समाधानकारक उत्तर दिले, तर तेथेच राहण्यात काही गैर नाही. तुमचे शरीर औषधांना कसा प्रतिसाद देते हे त्यांना माहीत आहे आणि ती माहिती मोलाची असते. पुन्हा तेच उत्तर मिळाले, तर मी तुमच्या जागी क्लिनिक बदलेन. पतींच्या मनातील संकोच मी समजू शकते. डॉक्टरांचा आणि रुग्णाचा ऋणानुबंध आपण फार मानतो. परंतु दुसरे मत घेतल्याने कोणताही जाणता डॉक्टर दुखावत नाही. आम्ही स्वतःही अवघड रुग्णांची चिठ्ठी लिहून त्यांना दुसऱ्यांकडे पाठवतोच.

नव्या ठिकाणी पहिली भेट केवळ सल्ल्यासाठी ठेवा. त्या भेटीत डॉक्टरांनी तुमची पाने उलटून पाहिली का, नळीविषयी आपणहून विचारले का, पतींच्या तपासणीचा विषय काढला का, हे पाहा. फाइल न उघडताच समोर पॅकेजचा कागद आला, तर उठून या. त्या क्लिनिकच्या नोंदणीचे प्रमाणपत्र पाहा. कायद्यानुसार पहिल्या स्तराच्या क्लिनिकला फक्त आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणे) करता येते, आयव्हीएफसाठी दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. एचआयव्ही, कावीळ यांसारख्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतील, तो नियमच आहे. पण अलीकडची एएमएच पुन्हा कशासाठी, हे विचारायला संकोचू नका.

वेळेविषयी शेवटचे. नळीची शस्त्रक्रिया, दुसरे मत आणि पतींच्या तपासण्या यांत तीन-चार महिने गेले तरी तुमचे विशेष नुकसान होणार नाही. वर्षभर थांबणे मात्र ३६ व्या वर्षी योग्य नाही. पुढच्या पिकअपची तारीख ठरवण्याआधी एकूण खर्चाचा लेखी अंदाज घ्या, त्यात गोठवण्याचे आणि पुढच्या ट्रान्सफरचे शुल्क धरले आहे का ते पाहा, आणि किती रकमेपर्यंत जायचे हे दोघांनी घरी बसून आधी ठरवा.

प्रश्न : एका क्लिनिकच्या जाहिरातीत ८० टक्के यश आणि अपयश आल्यास पैसे परत, असे लिहिले आहे. आमचे एक आयव्हीएफ फसले आहे, वय ३९ आहे. तिकडे जावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जाण्याआधी त्यांना विचारा की हे ८० टक्के कशाचे आहेत. बीटा पॉझिटिव्ह आली की यश, हृदयाचे ठोके दिसले की यश, की मूल घरी आले की यश? ते शंभर सुरू केलेल्या सायकलींपैकी मोजले की फक्त गर्भ सोडलेल्या स्त्रियांपैकी? ज्यांना गर्भच मिळाला नाही त्या दुसऱ्या मोजणीतून गळून जातात. दात्या स्त्रीच्या बीजांवरचे उपचार त्यात धरले आहेत का, हाही प्रश्न विचारा, कारण तरुण दात्यांच्या बीजांमुळे आकडा सहज फुगतो. तुमच्या वयाच्या, स्वतःच्या बीजांवर उपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी किती जणींना मूल झाले, हा एकच आकडा तुमच्या कामाचा आहे. पैसे परत देण्याच्या योजनेत अटी असतात : त्यात औषधे व तपासण्या धरलेल्या नसणे, वयाची किंवा एएमएचची मर्यादा असणे, काही वेळा अपयशानंतर दात्या बीजांकडे वळण्याची अट असणे. करारपत्र घरी नेऊन वाचू देत नसतील, तर तेथे पैसे भरू नका.

प्रश्न : आमचे तीन गर्भ मुंबईतील एका क्लिनिकमध्ये गोठवलेले आहेत. एक ट्रान्सफर फसले. नोकरीमुळे आता आम्ही म्हापशाला राहतो. गर्भ गोव्यात आणून येथे उपचार घ्यावेत का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : देशातल्या देशात स्वतःचे गर्भ स्वतःच्या उपचारांसाठी एका नोंदणीकृत क्लिनिकमधून दुसऱ्या नोंदणीकृत क्लिनिकमध्ये नेता येतात. त्यासाठी तुम्हा दोघांची लेखी संमती आणि दोन्ही क्लिनिकांची तयारी लागते. शिवाय २०२१ च्या कायद्यात स्वतःचे गर्भ हलवण्यासाठी राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीची अट आहे, तिच्यासाठी काय करावे लागेल हे दोन्ही क्लिनिकांना आधी विचारा. गर्भ उणे १९६ अंश सेल्सिअस तापमान राखणाऱ्या द्रव नायट्रोजनच्या खास पात्रातून नेले जातात. हे काम अशी वाहतूक नेहमी करणाऱ्या कंपनीकडेच द्यावे, कोणाच्याही गाडीतून नेण्याचा विचार करू नये. त्याहून महत्त्वाची आहे दोन प्रयोगशाळांमधील बोलणी. गर्भ कोणत्या प्रकारच्या पट्टीवर आणि कोणत्या द्रावणांनी गोठवले, हे नव्या एम्ब्रियोलॉजिस्टला ठाऊक हवे, कारण ते उष्णतेवर आणण्याची पद्धत त्यावर अवलंबून असते. सर्व क्लिनिके बाहेरचे गर्भ स्वीकारत नाहीत. वाहतुकीचे पैसे भरण्याआधी हे लेखी विचारून घ्या. कायद्यानुसार गर्भ साठवण्याची मुदत दहा वर्षे आहे, तेव्हा त्या बाबतीत तुम्हाला घाई नाही.

जुन्या प्रयोगशाळेविषयी तुमची तक्रार नसेल आणि अडचण फक्त अंतराची असेल, तर मी गर्भ हलवण्याचा सल्ला देणार नाही. अस्तर तयार करण्याची औषधे आणि सोनोग्राफी गोव्यातील स्त्रीरोगतज्ज्ञांकडे करून घ्या, त्यांचे रिपोर्ट मुंबईला पाठवा आणि केवळ ट्रान्सफरसाठी तेथे जा. हे तीन गर्भ वापरून झाल्यावर नव्याने पिकअप करण्याची वेळ आली, तर तेव्हा गोव्यात नाव नोंदवा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून सरकारी आयव्हीएफ सुविधा आहे. तेथील पात्रतेचे निकष आणि प्रतीक्षायादी यांची चौकशी मात्र आताच करून ठेवा.